बडोद्याहून नारगोल, सोबत ४१ किलोचा ब्रूनो

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बडोद्यात मांजलपूरला राहता, ब्रूनो तुमचा पाच वर्षांचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रा, वजन ४१ किलो, मे महिन्यात मुलांना सुट्ट्या लागल्या की एका दिवसासाठी वलसाड जिल्ह्यातल्या नारगोलच्या किनाऱ्याला जायचं, सकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने आठ-दहा किलोमीटर चालायचं, मग समुद्रात खेळायचं, जेवायचं आणि संध्याकाळी परत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की इथे ४३ डिग्री असतं, तिथे ३३-३४च, म्हणजे ब्रूनोला उलट बरं वाटेल. मी बडोद्यात २४ वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतेय, माझी स्वतःची दोन कुत्री घेऊन त्या पट्ट्यात बऱ्याचदा गेलेय, आणि मला सगळ्यात आधी तुमच्या ह्या एका वाक्याबद्दलच बोलायचंय, सामानाचं वगैरे नंतर बघू.

आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी इतकं गार कसं होतं? हवा कोरडी असते, माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तोच माठ समुद्राकाठच्या गावात ठेवून बघा, पाणी तेवढं गार होणार नाही, कारण हवेतच आधी ओलावा भरलेला असतो. कुत्र्याची जीभ म्हणजे त्याचा माठ. आपल्याला अंगभर घाम येतो, त्याला फक्त पंज्यांच्या गाद्यांना थोडासा येतो आणि त्याने काही अंग गार होत नाही, उन्हाळ्यात तो बहुतेक उष्णता धापा टाकूनच बाहेर काढतो. म्हणजे जिभेवरचं, घशातलं, नाकातलं पाणी उडालं तरच तो गार होणार. किनाऱ्यावर ३३ डिग्री आणि दमट हवा असली की तो जीव तोडून धापा टाकतो पण पाणी फारसं उडतच नाही, आणि धापा टाकायलाही स्नायू लागतात, त्याचीही उष्णता वर चढतेच. तुम्हाला वारा लागतो, घाम सुकतो, छान वाटतं. त्याच्या अंगावर दाट केस, तो वारा त्याच्या कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणून आकडा १० डिग्रीने कमी दिसला तरी ब्रूनोसाठी नारगोलची सकाळ बडोद्याच्या सकाळपेक्षा सोपी असेल असं धरून चालूच नका.

कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर ३८ ते ३९.२ सेल्सिअस. पळापळी करून ते ४०पर्यंत जाऊन परत खाली येऊ शकतं. ४१च्या आसपास गेलं आणि तिथेच राहिलं की आतडी, किडनी, मेंदू, रक्त गोठायची यंत्रणा सगळ्यालाच धक्का बसायला लागतो. आणि लॅबला ब्रेक नसतो हो. देशी कुत्रं दमलं की सावलीत जाऊन बसतं, तुम्ही हाक मारा नाहीतर बिस्किट दाखवा. लॅब मालकाने बॉल फेकला की जाणारच, पडेपर्यंत जाणार. म्हणजे थांबायचं कधी हे ब्रूनो सांगणार नाही, ते तुम्हीच ठरवायचं, आणि तो दमलाय असं दिसायच्या आधीच ठरवायचं.

आता स्पष्टच सांगते. ४१ किलोचा लॅब जाड आहे. मोठा नर लॅब ३६पर्यंत ठीक, त्याच्या पुढे चरबीच, आणि चरबी म्हणजे मे महिन्यात अंगावर गोधडी घेऊन चालणं. हे वजन मेपर्यंत उतरणार नाही, सुरक्षितपणे उतरवायचं तर आठवड्याला जेमतेम एक टक्का, म्हणजे महिने लागतात. तेव्हा आठ-दहा किलोमीटर ह्या वर्षी विसरा. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, तेही ओल्या वाळूवरून, मध्ये दोनदा बसून. आणि आत्तापासून जायच्या दिवसापर्यंत रोज पहाटे साडेपाचला घराजवळच अर्धा-पाऊण तास चालवा, शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतातच, एसीत झोपणाऱ्या कुत्र्याला तर हे फारच गरजेचं. तुमच्याकडे पग, शिह त्झू, बुलडॉग असा चपट्या नाकाचा कुत्रा असता तर मी मे महिन्यात जाऊच नका असं एका ओळीत लिहून मोकळी झाले असते.

दिवस कुठला निवडायचा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमका तोच सोडून देतात, रविवार दिसला की निघाले. माझे आजोबा रत्नागिरीकडून बडोद्याला आलेले, त्यांनी लहानपणी शिकवलेला हिशोब मी अजून वापरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. आता ह्यात कुत्र्याचा विचार करा. अष्टमीला गेलात तर पहाटे गार वेळेला पाणी वरपर्यंत, चालायला फक्त वरची कोरडी भुसभुशीत वाळू, ती दमवते फार, आणि कडक ओली वाळू उघडी पडणार ती भर दुपारी, जेव्हा तुम्ही तिथे असायलाच नको. उलट द्वितीया-तृतीया धरा, पक्ष कुठलाही. तृतीयेला तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला आणि दुपारी अडीचच्या आसपास भरती, सकाळी साडेआठच्या सुमाराला ओहोटी. पहाटे सहाला तुम्ही उतरलात की पाणी मागे मागे जात असतं, रात्रभर भिजलेली वाळू गार आणि घट्ट असते, अडीच तास हातात मिळतात. आणि दुपारच्या भरतीने सगळा किनारा पुन्हा भिजतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला परत गेलात तरी वाळू तापलेली नसते.

हा हिशोब मुंबई-कोकणच्या बाजूचा आहे हं, नारगोल-उमरगावला वेळ थोडी पुढे सरकते आणि खंभातच्या आखातात तर अजूनच सरकते, म्हणून आधी कॅलेंडरवर तिथी बघून आठवडा ठरवा आणि मग मोबाइलवर त्या ठिकाणाचं टाइड टेबल बघून पक्की वेळ काढा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हेही लक्षात असू द्या, म्हणजे शनिवारची वेळ रविवारला चालणार नाही. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे दिवस हे उधाणाचे, पाणी लांब जातं आणि परत येताना जोरात येतं, म्हणून ओहोटी पूर्ण झाली की तुम्ही परतीच्या वाटेवर असायला हवं. नारगोल आणि उमरगावच्या मध्ये खाडी आहे. ओहोटीला पाणी कमी दिसलं तरी ती ओलांडायला जाऊ नका, पलीकडे अडकलात की मे महिन्याच्या उन्हात कुत्र्याला घेऊन काही तास बसावं लागेल.

जागा तुम्ही बरोबर निवडलीत. मला नारगोल आवडतं ते सुरूच्या बनासाठी, वाळू संपली की लगेच झाडी, सावलीला पळत जाता येतं. फक्त सुरूची ती छोटी काटेरी बोंडं पंज्यात रुततात, बनात शिरलात की दर थोड्या वेळाने पाय उलटून बघा. तिथल आणि डुमसची वाळू काळपट, ती ऊन जास्त पिते, नऊनंतर तिथे कोरड्या वाळूवर कुत्र्याला उभं करू नये. वाळूवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, तुम्हाला नाही ठेववला तर त्याचे पायही ठेवायचे नाहीत. आणि कोणी म्हणेल की एवढं लांब कशाला, कावी-कंबोई पाऊणशे किलोमीटरवर आहे. तिथे स्तंभेश्वर महादेवाला जरूर जा, भरतीला देऊळ पाण्याखाली जातं ते बघण्यासारखंच आहे, पण कुत्र्याला नको. तिथे महीचं मुख आहे, वाळू नाही, चिखल आहे, पाय रुतला की तो धडपडतो आणि पाणी फार वेगाने येतं.

पहाटे सहाला पोचायचं म्हणजे बडोद्याहून रात्री साडेबारा-एकला निघावं लागेल, साधारण पाच तास. मी तरी आदल्या संध्याकाळी निघून वलसाड किंवा उमरगावला मुक्काम करते, कुत्रं ठेवू देतील असं आधी फोन करून नक्की विचारून. रात्रभर गाडीत हलून आलेल्या कुत्र्याला लगेच पळवायचं मला पटत नाही आणि ड्रायव्हरची झोपही बघायला हवी. रेल्वेचा विचार असेल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घेऊनच, ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत उन्हाळ्यात कुत्रं पाठवू नका. हायवेवर नाश्त्याला थांबलात तर एक जण ब्रूनोबरोबर बाहेर उभा राहील, आळीपाळीने खा. बंद गाडीत तापमान वाढतं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच वाढतं, काच चार बोटं उघडी ठेवली तरी काही फरक पडत नाही, "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेलेल्या लोकांची कुत्री मी टेबलवर पाहिलीयत.

आदल्या रात्री नेहमीचं जेवण, सकाळी उपाशी नाही पण अगदी थोडं, दही-भाताचे चार घास. पोट भरून लगेच उड्या मारल्या की मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसायची भीती असते, ती इमर्जन्सी फार वाईट. गोडं पाणी मात्र भरपूर, ब्रूनोसाठी वेगळं पाच-सहा लिटर. दर १५ मिनिटांनी वाटीत ओतून पुढे ठेवा, थोडं थोडं. हे एवढ्यासाठी सांगतेय की तहानलेलं कुत्रं समुद्राचं पाणी पितं, लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात, आधी उलट्या-जुलाब होतात आणि जास्त प्यायलं तर अंग थरथरणं, झटके. बॉल तोंडात धरून लाटेत पळतानाही बरंच पाणी पोटात जातं. दोन-तीन जुलाब होऊन थांबले तर ठीक, पण झोकांड्या जाताहेत, ओळख दाखवत नाहीये असं वाटलं तर सरळ डॉक्टर. इलेक्ट्रॉल, ग्लुकोजची गरज नाही, आपलं मीठ घामातून जातं, त्याचं नाही जात, साधं पाणीच हवं. शहाळ्याचं थोडं पाणी चालेल. मसाला छास नको, भजी नको.

बॉल शक्यतो घरीच ठेवा. एक तर त्यानेच लॅब बेभान होतो, आणि दुसरं म्हणजे ओला बॉल वाळूत पडतो, प्रत्येक वेळी तोंडभर वाळू जाते, ती आतड्यात साचून गच्च बसते. अशा कुत्र्यांचा एक्सरे काढला की आतडं पांढरं फटक दिसतं, कधीकधी ऑपरेशनपर्यंत जातं. खेळायचंच असेल तर पाण्यावर तरंगणारी दोरी घ्या आणि पाण्यातच खेळा. मे महिन्यात समुद्राचं पाणी २९-३० डिग्री असतं, म्हणजे ब्रूनोच्या अंगापेक्षा बरंच गार, त्यात शांत बसला, लोळला तर खरंच बरं वाटेल त्याला. पण त्या बाजूचं पाणी गढूळ, खाली काय आहे दिसत नाही, आणि ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, म्हणून तुमच्या गुडघ्यापर्यंतच, पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट आणि हार्नेसला सात-आठ मीटरची लांब दोरी. लॅबला पोहता येतं हे खरंय, पण लाटेविरुद्ध किती वेळ हे त्याला कळत नाही.

वाळूवर पडलेल्या गोष्टींवर लक्ष ठेवा, कारण लॅब आधी गिळतो आणि मग विचार करतो. कोळी लोक जाळ्यातून नको ते मासे काढून टाकतात, त्यात शिंगाळ्याचा काटा असतो, वाळलेला असला तरी पंज्यात आरपार जातो आणि घशात गेला तर काढताना जीव मेटाकुटीला येतो. पाकटाच्या शेपटीला काटा. केंड मासा म्हणजे तो फुगणारा, त्याचं विष मेलेल्या माशातही तसंच राहतं, ब्रूनोने तो चावलाच तर वाट बघू नका, सरळ डॉक्टर. जेलीफिश मेलेली असली तरी डंख मारते, लागली तर समुद्राच्या पाण्यानेच धुवा, चोळू नका. गळ, तुटलेली जाळी हे तर आहेच. आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते पावसाळ्यापर्यंत आपल्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहून येतात, तुडवले की पंज्यांना आणि केसांना चिकटून बसतात आणि कुत्रं ते चाटत बसतं. घरातलं साधं गोडेतेल नाहीतर खोबरेल चोळून, जुन्या कपड्याने पुसून, मग शांपू, हे दोनदा केलं की निघतं. रॉकेल, पेट्रोल अजिबात नाही, कातडी भाजते आणि चाटलं तर फुप्फुसाला त्रास. एक बाटली तेल गाडीत टाकाच.

मोकळं सोडू नका म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे. टिटव्या, चिखल्या उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, वाळूतच अंडी घालतात, नुसत्या खळग्यात, आपल्याला दिसतही नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा जवळ घरटं आहे, ब्रूनोला घेऊन लांबून जा. गावातली कुत्री आलीच तर पळू नका, दोरी आखडून घ्या, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू चालत राहा, ती त्यांच्या हद्दीपर्यंत येतात आणि मागे फिरतात. रेबीजची लस आणि गोचिडाचं औषध वेळेवर असलंच पाहिजे, गोचीडताप अंगात मुरत असलेलं कुत्रं अशा दमणुकीत कोसळतं, सुस्त वाटत असेल तर जाण्याआधी रक्त तपासून घ्या.

सकाळी साडेआठला किनाऱ्यावरून बाहेर पडायचं, फार तर पावणेनऊ. मुलं रडली तरी. दुपारी एसी खोली नाहीतर बनात सावली, आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा तास.

आता न बोलून चालणार नाही असा भाग. जीभ बाहेर लांब येऊन टोकाला पसरट होतेय, धापांचा आवाज मोठा होतोय, लाळ घट्ट तारेसारखी येतेय, हाक मारली तर वळायला उशीर लागतोय, ह्यातलं काहीही एक दिसलं की तिथेच थांबायचं, गाडीपर्यंत चालवत न्यायचं नाही. हिरड्या गडद लाल, पाय लटपटणं, उलटी हे दिसलं म्हणजे हीटस्ट्रोक चालू झालाय. आधी गार करा, मग गाडीत घाला. हा क्रम उलटा झाला की वेळ हातातून जाते. सावलीत घ्या आणि असेल ते पाणी, प्यायचं, समुद्राचं, हॉटेलच्या नळाचं, बादल्यांनी अंगभर ओतत राहा, पोटाला, जांघेत, छातीवर, हाताने केस उलटे करत म्हणजे कातडीपर्यंत पोचेल, आणि सतत वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. डिजिटल थर्मामीटर जवळ असू द्या, गुदद्वारातून घ्यायचं, ३९.५ला आलं की पाणी थांबवा. मग एसी लावून थेट वलसाड किंवा वापीला डॉक्टरकडे, त्यांचा नंबर आणि रविवारी उघडं असतं का हे बडोद्याहून निघायच्या आधीच विचारून ठेवा. हा ताप नाही, त्यामुळे पॅरासिटामॉल देऊन काही उपयोग नाही, आणि आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला विषच.

आणि शुद्धीवर आला, शेपूट हलवली, पाणी प्यायला, म्हणजे झालं असं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक लॅब आला होता, तुमच्या ब्रूनोएवढाच. किनाऱ्यावर साडेनऊला बॉल खेळताना कोसळला, घरच्यांनी अगदी बरोबर केलं, पाणी ओतलं, वारा घातला, अर्ध्या तासात तो उभा राहिला. म्हणून ते तिथे डॉक्टरकडे न जाता आनंदाने घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन, शीतून रक्त पडतंय. पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, रक्त गोठत नव्हतं, किडनी बंद पडत आलेली. तिसऱ्या रात्री गेला. त्या घरातली मुलगी, दहावीतली, पूर्ण वेळ त्याचा पंजा धरून बसली होती. पहिल्या तासात सलाईन लागलं असतं, रक्त तपासलं असतं तर कदाचित वाचला असता, मी त्या लोकांना हे कधी बोलून दाखवलं नाही, पण तुम्हाला सांगतेय. कोसळलेलं कुत्रं उठलं तरी डॉक्टर, आणि पुढचे तीन दिवस लघवीचा रंग, शी, हिरड्या, पोटाची कातडी रोज बघायची.

बाकी घरी आल्यावरचं सोपं आहे. गोड्या पाण्याने नीट आंघोळ, मीठ आणि वाळू बगलेत, जांघेत राहिली की खाजवून जखमा करतो. कान आतून कोरडे करा, लॅबचे कान लोंबते, दोन दिवसांत वास यायला लागला तर दाखवा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट बुंध्यापासून थोडी आडवी आणि मग दोरीसारखी खाली लोंबलेली दिसली, हात लावला की कुरकुरतो, तर घाबरू नका, मोडलेली नाही, पोहून पोहून शेपटीचे स्नायू आखडतात, लॅबमध्ये हे बरंच दिसतं, आराम दिला की काही दिवसांत सुटतं, फार दुखत असेल तर औषध मी लिहून देईन, घरातलं आपलं पेनकिलर देऊ नका.

जायच्या आधी एकदा त्याला घेऊन या, हृदय आणि श्वास ऐकून घेते, वजन करते, आणि कॅलेंडर घेऊनच या म्हणजे तिथी तिथेच बघू.